कृपया विचार व्हावा

नारण,

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आठवण होत नव्हती असं म्हणायची सोय नाही, कारण रोज होत होती. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, नारणकाका हल्ली का येत नाहीत?" मी म्हटलं, त्याचे गुडघे दुखतात. तुझे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते हे तिला ठाऊक होतं. ती पुढे काही बोलली नाही, आणि मला बरं वाटलं.

तू गेल्यावर चिंचणीला तुझ्या दारात मांडव घातला होता, तिथे परवा सगळे तुझ्याबद्दल बोलले. एकजण म्हणाला, नारणभाई शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. मंजुळावहिनी माझ्याकडे बघत होत्या. तू शांत नव्हतास, नारण. डहाणूच्या वाचनालयात तुझा आवाज ऐकून ग्रंथपाल दोनदा आत यायचा. तुला शांत केलं गेलं आणि ते मी केलं. तालुक्याच्या मासिकाने तुझ्यावर चार शब्द मागितलेत. त्यात हे लिहितो आहे, म्हणजे मला ते परत घेता येणार नाही.

शब्दांपासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी बोर्डीच्या शाळेतून इंग्रजीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो होतो. तू तलासरीच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या एका संस्थेच्या शाळेत मराठी शिकवायचास आणि वसतिगृहाचा गृहपालही होतास. दर रविवारी सकाळी तू एसटीने यायचास, मी टमटमने, आणि वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसायचो. एका रविवारी तू कागद नाचवत आलास.

"वसंत्या, हे बघ. थिंक, पाँडर, म्यूज, ब्रूड, कंटेम्प्लेट. पोरीने विचारलं, गुरुजी, सगळ्यांचा अर्थ विचार करणे, मग एवढे कशाला? या लोकांना विचार करायला एवढा वेळ होता?"

"वेळ होता म्हणून तर इथपर्यंत आले," मी म्हटलं.

"आणि आपल्याला नव्हता म्हणून येऊ दिले!"

ग्रंथपाल पहिल्यांदा आत आला तो तेव्हा.

माझ्याकडे माझ्या गुरुजींनी दिलेला शब्दांच्या उगमाचा जाडजूड कोश होता. पुठ्ठा निघालेला, सुतळीने बांधलेला. पुढच्या रविवारपासून तो मी पिशवीतून आणू लागलो आणि आपली वही सुरू झाली. शांतपणे विचार करण्याचे इंग्रजी शब्द, ते कुठून आले, आणि मुलांना समजेल असं मराठीत.

पाँडर म्हणजे वजन करणं, हे वाचल्यावर तू लगेच हात पुढे केलास. तुझी आई बाजारात पापलेट तळहातावर घेऊन नुसती उभी राहायची, तागडीच्या आधी. डोळे अर्धे मिटलेले. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, काय झोपली काय? आणि ती भाव सांगायची. "हे पाँडर," तू म्हणालास. रूमिनेट म्हणजे रवंथ, हे तर तुला इतकं आवडलं की तू वसतिगृहाच्या आवारात बसणाऱ्या म्हशीला मॅडम म्हणायला लागलास. म्यूजचा उगम नक्की नाही, पण नाक वर करून हवेत हुंगत उभं राहणारं कुत्रं त्यामागे असावं असं कोशात होतं. मी ते लिहायला तयार नव्हतो. इतक्या सुंदर शब्दामागे कुत्रं? तू हट्टाने लिहायला लावलंस.

कन्सिडर आला तेव्हा तू पेन खाली ठेवलंस. त्या शब्दात तारे आहेत, निदान तसं मानतात. ताऱ्यांकडे नीट बघणं. तुझा बाप तांडेल होता, बोटीवरचा मुख्य. "बाप आकाश बघायचा तेव्हा आम्ही कोणी बोलायचो नाही," तू म्हणालास. "पण बघून झालं की ओरडायचा. निघा, नाहीतर बांधा. बोटीत पाच माणसं बसलेली असायची रे. त्यांना काय त्याच्या मनातलं दिसतं?"

ब्रूडपाशी आपण हसलो होतो. कोंबडी खुडूक बसते, अंड्यांवरून उठत नाही, दाणे टाकले तरी येत नाही. तसं एखादी गोष्ट मनाखाली घेऊन बसणं. तू विचारलंस, "आणि अंडं नासकं असलं तर?"

"तरी बसते."

"किती दिवस?"

मला माहीत नव्हतं. आता थोडं माहीत आहे.

आपलं खरं भांडण कंटेम्प्लेटवरून झालं, आणि ते मिटलंच नाही. जुन्या रोममधला शकुन बघणारा पुरोहित हातातल्या काठीने आकाशाचा एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्यात कोणते पक्षी कुठून येतात ते बघत बसायचा. त्या आखलेल्या जागेच्या नावावरून हा शब्द आला. मी म्हटलं, बघ, शांत चिंतनाची ही सुरुवात. जगापासून बाजूला काढलेली पवित्र जागा. तू म्हणालास, कसली पवित्र? त्याला तिथे कामाला लावला होता.

"तुझा तो भट पक्षी बघून घरी जाऊन झोपला असता तर चाललं असतं का?"

"प्रश्न तो नाही, नारण."

"प्रश्न तोच आहे. गावाने त्याला बसवलाय. डावीकडून घार आली, वाईट आहे, तर सांगायला नको? बघणं अर्धं काम. गप्प बसणं यात कुठून आलं?"

तीन रविवार हे चाललं. मेडिटेटचं मूळ औषध या शब्दाच्या मुळाशी जुळतं, मोजून-मापून योग्य तो इलाज करणं असा त्याचा जुना अर्थ, हे सापडल्यावर तू वहीच्या समासात लाल शाईने मोठ्ठं लिहिलंस: उपाय. मी ते खोडलं. मूळ अर्थ आणि चालू अर्थ यांची गल्लत करू नकोस, असं मास्तरी आवाजात सांगितलं. तू म्हणालास, "चालू अर्थ सोयीचा असतो रे." मी हसण्यावारी नेलं. मनातून रागावलो होतो. चिंतन म्हणजे काहीही करावं न लागणं, हेच मला त्यात आवडायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

मग जमीन हलायला लागली.

पहिला धक्का तुझ्या वसतिगृहात सगळ्यांनी ट्रक समजून सोडून दिला. अच्छाडच्या नाक्याकडे जाणारे भरलेले ट्रक हायवेवरून जातात तेव्हा तुमच्या खिडक्या थरथरतातच. दुसरा, तिसराही ट्रकच. चौथ्या वेळी तू बाहेर येऊन हायवेकडे बघितलंस, रस्ता रिकामा होता. तू मला फोनवर ते सांगितलंस तेव्हा तुझा आवाज वेगळा होता. "आधी खालून आवाज येतो, वसंत्या. खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, पण खोल. कुत्री आधी उठतात. मग भांडी वाजतात."

मग ते रोजचं झालं. माणसं अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायला लागली. बोर्डीत आम्हाला कमी जाणवायचं, तरी चिकूच्या बागेत काम करणारे गडी मध्येच थांबून एकमेकांकडे बघायचे. पुढचा केव्हा, एवढंच प्रत्येकाच्या मनात.

तुझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. तू वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून खळीने त्या तड्यावर आडव्या चिकटवल्यास. रोज सकाळी मुलांच्या प्रार्थनेआधी जाऊन बघायचास, कुठली फाटली. मी एकदा आलो तेव्हा मला नेऊन दाखवलंस. रमीबाई तिथेच भाकऱ्या थापत होती. वसतिगृहाची स्वयंपाकीण, शेजारच्या पाड्यावरची, वीस वर्षं त्याच चुलीपुढे बसलेली. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर ती भिंत होती. एक पट्टी अगदी मधोमध फाटली होती आणि तिची दोन टोकं एकमेकांपासून दूर गेली होती.

"गुरुजी रोज भिंतीचा पेपर वाचत," रमीबाई मला म्हणाली. "काय बातमी हाय, मी पुसते, तं सांगत नाय."

"सांगतो ना," तू म्हणालास. "इथून उठ, ही बातमी."

"मंग पोरां काय खातील? तुझी मराठी?"

तुम्ही दोघं हसलात. मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. मला कळलं होतं, नारण. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे मी कळलं नाही असं वागलो.

संस्थेचे चिटणीस मुंबईत राहायचे. मराठीतला अर्ज इथल्या कार्यालयातच फायलीत पडायचा आणि इंग्रजीतला त्यांच्या टेबलावर जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तलासरीपासून डहाणूपर्यंत कितीतरी लोकांचे अर्ज मी इंग्रजीत करून दिले होते, रेशनकार्डापासून बदलीपर्यंत. त्या रविवारी तू तुझा मराठी मसुदा घेऊन आलास. तो माझ्याकडे आहे. तो तसाच्या तसा इथे उतरवतो, कारण आजवर माझ्याशिवाय तो कोणी वाचलेला नाही.

"महोदय, स्वयंपाकघराची मागची भिंत पडणार आहे. मी रोज तपासतो. अकरा पट्ट्या चिकटवल्या, त्यातल्या नऊ फाटल्या. उद्यापासून तिथे चूल पेटणार नाही. स्वयंपाक बाहेर मांडवाखाली होईल. पत्र्याची सोय आपण करावी. मी परवानगी मागत नाही, कळवत आहे. नारायण, गृहपाल."

एवढंच होतं. याचं इंग्रजी करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी दोन तास लावले.

कारण सांगतो. त्याच चिटणीसांनी आपली वही छापायचं कबूल केलं होतं. संस्थेच्या सगळ्या शाळांमध्ये ती जाणार होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, प्रश्नपत्रिका काढल्या. माझं म्हणावं असं एक पान छापून आलं नव्हतं. आणि इथे तू लिहीत होतास, परवानगी मागत नाही. ते पत्र वाचून चिटणीस दुखावतील आणि वही बाजूला ठेवतील, अशी मला भीती वाटली. तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, नारणला कार्यालयीन भाषा कळत नाही, त्याच्या भल्यासाठी जरा नरम करू.

मी केलेलं पत्र असं होतं: मागील भिंतीस काही तडे आढळून आले आहेत, योग्य वेळी पाहणी व्हावी, याबाबत कृपया विचार व्हावा, आपल्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत. पडणार हा शब्द नव्हता. पट्ट्या नव्हत्या. चूल नव्हती. विचार व्हावा यासाठी मी आपल्याच वहीतला तो ताऱ्यांचा शब्द वापरला होता आणि वाक्य चांगलं उतरलं म्हणून मला आनंदही झाला होता.

तू कागद हातात घेतलास. "लांबडं झालं रे. माझं तर पोस्टकार्डावर मावलं असतं."

"इंग्रजीत असंच असतं."

"पडणार म्हटलंय, ते आहे ना त्यात?"

"आहे."

"आणि चुलीचं?"

"सगळं आहे, नारण. त्यांच्या पद्धतीने आहे."

तू सही केलीस. वाचून बघ, असं मी म्हटलं, हेही लिहितो, म्हणजे मी स्वतःला किती वेळा त्या वाक्याआड लपवलं ते कळेल. तू म्हणालास, "तू लिहिलंयस ना?" आणि पेनाचं टोपण लावलंस.

पत्राचं उत्तर येईस्तोवर तू तुझ्या मनाने चूल बाहेर मांडली होतीस. बांबू, ताडपत्री, तीन दगड. मग उत्तर आलं. विषय विचाराधीन आहे, तोवर दिनक्रमात कोणताही बदल करू नये, केल्यास जबाबदारी गृहपालांची राहील. तू मला फोन केलास. मी बागेत खुर्ची टाकून बसलो होतो.

"वसंत्या, हे काय? मी पडणार म्हणतोय, चूल हलवली म्हणतोय, आणि हे म्हणतात बदल करू नका. एवढं वाचूनही? म्हणजे त्यांच्या इंजिनिअरने काही बघितलं असेल का? भिंतीला धोका नाही असं?"

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांनी ते वाचलेलंच नाही, कारण मी ते लिहिलंच नाही. तू पलीकडे वाट बघत होतास. मागे मुलांचा आवाज येत होता, ताटं वाजत होती.

मी म्हटलं, "असेल. वरच्या लोकांकडे माहिती असते. तू चार दिवस थांब. मी जरा विचार करतो."

"करशील ना? नक्की?"

"करतो."

चूल आत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलं जेवून वर्गात गेल्यावर, तो आवाज आला. मुलं सगळी वाचली. रमीबाई आत भांडी घासत होती.

तिला बाहेर काढायला तू हातांनी विटा उपसल्यास. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुझ्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तू मला म्हणालास, "चार दिवस पण नाही झाले रे." त्यात आरोप नव्हता. तुला अजूनही वाटत होतं की वरून कोणाची तरी चूक झाली. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. कोशात घडी करून ठेवलेला तुझा मसुदा मी तेव्हाच आणून तुझ्या हातात द्यायला हवा होता. मी टमटम पकडली.

चौकशी शाळेच्या व्हरांड्यात झाली. टेबलामागे तिघेजण, समोर बाकावर तू, मी, मुख्याध्यापक. रमीबाईचा नवरा खांबाला टेकून उभा होता. त्यांनी तुझं पत्र काढलं. खांबाशी उभ्या माणसालाही कळावं म्हणून कारकुनाने ते मराठीत सांगितलं, ओळ ओळ करून. तेव्हा तू तुझं पत्र पहिल्यांदा ऐकलंस.

मी तुझ्याकडे बघत नव्हतो. पण बाक एकच होता, आणि तू किती स्थिर झालास ते मला लाकडातून कळलं.

टेबलामागच्या एकाने म्हटलं, "यात धोक्याचा कुठे उल्लेख नाही. तातडी नाही. आम्ही काय समजायचं?" मग मला विचारलं, "सर, मसुदा तुमचा. गृहपालांनी याहून जास्त काही सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं."

पाच शब्दही नीट भरत नाहीत. माझा आवाज अजिबात कापला नाही.

"गृहपाल, तुम्हाला काही म्हणायचंय?"

तू माझ्याकडे बघितलंस. या वेळी मला मान वळवावी लागली. मला वाटलं तू ओरडशील. वाचनालयात एका रोमन भटासाठी तीन रविवार भांडणारा माणूस तू. तुझे ओठ हलले. मग तू म्हणालास, "नाही. सही माझी आहे."

का, नारण? मला वाचवायला? की मी स्वतः बोलेन याची तू वाट बघत होतास, आणि मला तेवढी जागा करून दिलीस? सहा वर्षं मी या प्रश्नावर बसून आहे.

निष्काळजीपणाचा शेरा मारून तुला काढलं. पाड्यावर, आठवड्याच्या बाजारात लोक म्हणायला लागले, वसतिगृहाच्या गुरुजीने पत्रात नुसतं गोड गोड लिहिलं, बाई गेली पायाने. तू चिंचणीला परतलास आणि वहिनींबरोबर बोंबील सुकवायला लागलास. वर्षाच्या आत आपली पुस्तिका निघाली. चिटणीस फोनवर म्हणाले, "सर, चौकशी झालेल्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर कसं टाकणार? तुमचं एकट्याचं टाकू." मी म्हटलं, बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

तू ती पुस्तिका कुठून तरी मिळवलीस आणि बोर्डीला आलास. वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील मुलीच्या हातात दिलेस, तिची चौकशी केलीस, आणि बागेत माझ्यासमोर बसलास. पानं उलटत होतास.

"चांगली झालीय. अक्षर मोठं आहे, पोरांना बरं." मग बोट ठेवून, "मेडिटेटपुढे उपाय नाही घातलास?"

"जागा नव्हती."

तू हसलास. पुस्तिका मिटून मांडीवर ठेवलीस. गडी झाडांवरून चिकू उतरवत होते, जाळीत फळ पडल्याचा आवाज अधूनमधून येत होता. मग अगदी हळू, मी लहान असल्यासारखं, तू म्हणालास, "बोल."

मी म्हटलं, "चहा घेणार?"

तू उठलास. "येतो," म्हणालास, आणि फाटकाची कडी आठवणीने लावून गेलास. त्यानंतर तू कधी आला नाहीस.

तुझ्या मांडवातून निघताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, ते दर महिन्याला रमीबाईकडे जायचे. ती दारात घ्यायची नाही, तर ओट्यावर बसून यायचे. मी म्हणायची, कशाला अपमान करून घेता? म्हणायचे, तिथे कोणीतरी जायला हवं." एवढं सांगून त्या आत गेल्या. तिथे मी जायला हवं होतं, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांना किती माहीत आहे, मला कळलं नाही.

काल मी रमीबाईकडे गेलो. तुझा मसुदा बरोबर नेला. पाड्यावर पोचलो तेव्हा नुकताच एक हलका धक्का येऊन गेला होता, बायका लेकरं काखेत घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि खाली जमिनीकडे बघत होत्या. रमीबाई ओट्यावर बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मसुदा वाचून दाखवला. "उद्यापासून तिथे चूल पेटणार नाही" हे तिने दोनदा वाचायला लावलं.

"असा लिवला होता त्याने?"

"हो."

"आन् तू नाय लिवला."

"नाही."

ती बराच वेळ कुबडीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तो इथं बसं. हाच जागेवर. मी पानी पन नाय दिला त्याला. तवा काहाला नाय सांगलास?"

मी मसुद्याची घडी घातली.

"मला नको सांगू आता. बाजारात सांग. तिथं त्याला बोलत. समद्यांपुढं सांग."

सरपंचांना भेटून आलो आहे. पुढच्या ग्रामसभेत तुझा मसुदा आणि माझं पत्र, दोन्ही मी वाचणार आहे, आधी तुझं. त्या चौकशीच्या कागदांना जोडायला संस्थेकडे लेखी जबाब पाठवला आहे. मराठीत, पोस्टकार्डावर मावेल एवढा. पुस्तिकेचं काय करायचं ते वहिनी सांगतील. यातलं काहीही तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला समजतं.

एक गोष्ट राहिली. डहाणूच्या दवाखान्यात तू होतास तेव्हा मी आलो होतो. बोर्डीहून निघाल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. सहा वर्षांत ती मी इतक्या वेळा जुळवली होती की त्यांना चांगली लय आली होती. सुरुवातीला आपल्या मैत्रीचा उल्लेख, मग परिस्थितीचा, मग माझ्या कमकुवतपणाचा. तुझ्या खाटेपाशी पोचेपर्यंत मी त्यातला एक शब्द बदलत होतो. तुझ्या नाकाला नळी होती. डोळे उघडे होते. तू मला ओळखलंस आणि खाटेवर हात थोडा सरकवून मला बसायला जागा केलीस. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या. खोलीत आपण दोघंच होतो. मी बसलो, तुझ्या मनगटावर हात ठेवला, आणि म्हणालो, "बरा हो. मग निवांत बोलू."

तू डोळे मिटलेस.

नारण, तुझं पत्र मी बदललं. तू विचारलंस तेव्हा खोटं सांगितलं, चौकशीत पुन्हा खोटं सांगितलं, आणि तू ते सगळं स्वतःवर घेत असताना शेजारी बसून राहिलो. मला माफ कर.